काळ्या प्लगची जबानी

सकाळचे साडेआठ वाजताहेत. खजराना गणपतीच्या देवळाबाहेर झेंडूच्या माळा घातलेल्या कोऱ्या गाड्या उभ्या आहेत. आज बुधवार, त्यामुळे शोरूममधून थेट पूजेला आलेल्यांची रांग लांब आहे. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं, नारळ फुटतो आणि चाकाखालचं लिंबू चिरडत गाडी पुढे सरकते. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या या देवळात नवं वाहन दाखवल्याशिवाय ते रस्त्यावर काढायचं नाही, असा इंदूरकरांचा रिवाज आहे.

मला जायचंय ते थोडं आत, नाहर शाह वलींच्या दर्ग्याच्या बाजूच्या गल्लीत. इथे डेंटिंग-पेंटिंगवाले आहेत, रेडिएटर झाळणारे आहेत, सीट शिवणारे आहेत. एका पत्र्याच्या शेडखाली दोन मोटारसायकली, एक उघडलेली जीप, आणि त्यांच्यामध्ये गडद हिरव्या रंगाची, दोन माणसांपुरती एमजी टीसी उभी आहे. लांब बोनेट, तारांची मोठी चाकं, मागे उभी चौकोनी टाकी आणि तिच्या पाठीला बांधलेली स्टेपनी. इंग्लंडातल्या अ‍ॅबिंग्डनला १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या बनल्या. ही त्यांतली १९४८ची.

गाडीचे मालक लोकमान्य नगरातले काका आहेत, निवृत्त इंजिनिअर. त्यांनी बरोबर एक खोका आणलाय, त्यात नव्या प्लगचे दोन सेट.

“घरून निघताना झकास असते,” ते शेडचे मेकॅनिक असलेल्या उस्तादांना सांगताहेत. “पलासियाच्या सिग्नलला दोन-तीनदा थांबली की मिसिंग सुरू. मग फट्-फट् करत कशीबशी येते. प्लग बदलले की पुन्हा दोन दिवस बरी.”

उस्तादांचं वय सत्तरीच्या आसपास असेल. पांढरी दाढी, निळा कोट, कोटाच्या खिशात कापडात गुंडाळलेलं फीलर गेज. ते खोक्याकडे बघतही नाहीत. “नए बाद में, साहब. पहले पुराने देखेंगे. जे काळे पडलेत, तेच बोलतील.”

शेडमध्ये काम शिकणारा त्यांचा पुतण्या प्लग-पाना घेऊन पुढे होतो. उस्ताद त्याला थांबवतात आणि आधी फरशीवर वर्तमानपत्र पसरायला लावतात. कागदावर पेन्सिलीने एक, दोन, तीन, चार असे आकडे टाकले जातात. ज्या सिलिंडरमधून जो प्लग निघेल, तो त्याच आकड्यावर ठेवायचा. चारही प्लग एका वाटीत टाकले तर अर्धी माहिती तिथेच हरवते, हे ते पोराला समजावतात.

प्लग बाहेर येतात. पहिला आणि दुसरा गच्च काळे, मखमलीसारख्या कोरड्या काजळीने मढलेले. तिसरा आणि चौथाही काळपट, पण त्यांच्या टोकाची चिनीमाती अजून दिसते आहे. उस्ताद पहिल्या प्लगवरची काजळी अंगठ्याने पुसून दोन बोटांत चोळतात. भुकटी होते. वास घेतात.

“सूखा है. ऑइल नाही, पेट्रोल आहे.”

एवढ्या एका वाक्याने काकांच्या चेहऱ्यावरचा ताण ओसरतो, आणि त्याला कारण आहे. काजळी ओली, चिकट, तेलकट असती तर त्याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्यात आणि इंजिनचं ऑइल जळण्याच्या जागेत शिरतंय, असा झाला असता. मग इंजिन खाली उतरवावं लागतं. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल हवेच्या मानाने जास्त झालंय, किंवा ठिणगी दुबळी आहे, किंवा प्लग पुरेसा तापत नाहीये. कंदिलाची वात गरजेपेक्षा वर केली की काच काळी होते, तसंच हे. काच पुसून काही होत नाही, वात खाली घ्यावी लागते.

काळा प्लग गाडी का बंद पाडतो, तेही इथे दिसतं. प्लगच्या मधल्या तारेभोवतीची चिनीमाती वीज अडवण्यासाठी असते. तिच्यावर कार्बनचा थर बसला की तो थरच विजेची वाट होतो. क्वाइलमधून आलेला हजारो व्होल्टचा दाब फटीतून उडी मारायच्या ऐवजी काजळीवरून सरळ इंजिनच्या धातूत उतरतो. ठिणगी पडतच नाही. म्हणून इथल्या गॅरेजांत कुणी ‘प्लग काळा झाला’ एवढंच म्हणत नाही, ‘प्लग शॉर्ट झाला’ म्हणतात.

आता उस्ताद काकांचा खोका उघडतात. त्यातला एक प्लग आणि स्वतःच्या डब्यातला एक, असे दोन्ही उजेडात धरून मला दाखवतात. काकांच्या प्लगमधली चिनीमातीची नळी आखूड आहे, उस्तादांच्या प्लगमधली लांब आणि निमुळती. आखूड नळीतून उष्णता लवकर डोक्याकडे निघून जाते, टोक थंड राहतं. तो ठंडा प्लग. लांब नळी उष्णता धरून ठेवते. तो गरम प्लग.

“स्पोर्ट्स कार म्हणून मी मुद्दाम रेसिंगचे घेतले,” काका म्हणतात.

“रेस में घंटा भर पूरी रफ्तार, तब ठंडा चाहिए. आपको पलासिया जाना है.”

यातलं गणित पक्कं आहे. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्याच्यावर बसलेला कार्बन आपोआप जळून जातो. टोक साडेआठशे-नऊशेच्या पुढे गेलं तर ते निखाऱ्यासारखं लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं, आणि पिस्टनला भोक पडू शकतं. या दोन आकड्यांच्या मध्ये टोक राहिलं पाहिजे. साडेबाराशे सीसीचं, चोपन्न अश्वशक्तीचं हे इंजिन शहरात निवांत चालत असताना ठंडा प्लग खालच्या आकड्यापर्यंत पोचतच नाही. नंबर वाचतानाही घोळ होतो. एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे जास्त ठंडा, चॅम्पियनच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे जास्त गरम. कंपनी बदलली आणि आकडा मोठा घेतला, की माणूस नेमका उलट्या टोकाला जातो. उस्ताद डब्यातून चार गरम प्लग काढतात, आट्यांची लांबी अर्धा इंचच आहे ना ते मोजतात, आणि फट वीस थाऊवर लावतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इथल्या जुन्या फिटरांच्या तोंडी अजून तेच माप आहे.

पण प्लग अजून बसत नाहीत. आधी ठिणगीची तपासणी. डिस्ट्रिब्युटरचं झाकण निघतं. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेकाड. उस्ताद बारीक कानसेने ते सपाट करतात, फीलर गेजची पात फटीत सरकवून स्क्रू आवळतात, कंडेन्सर बदलतात. वायरीच्या टोकाला प्लग लावून तो इंजिनच्या अंगाला टेकवतात, पुतण्या सेल्फ मारतो. निळी, जाड ठिणगी, कडक आवाजासह. इथे वेळ घालवण्यासारखं काही नाही.

खरा पेच कार्ब्युरेटरमध्ये आहे आणि त्याचा पत्ता कागदावरच्या आकड्यांनी आधीच दिलाय. या गाडीला दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत. पुढचा पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला पाजतो, मागचा तिसऱ्या आणि चौथ्याला. गच्च काळे कोणते? एक आणि दोन. म्हणजे दोष पुढच्यात जास्त.

एसयूची रचना बघत राहावी अशी साधी आहे. वर एक घुमट, त्यात हवेच्या ओढीने वर-खाली होणारा पिस्टन, पिस्टनच्या बुडाला निमुळती सुई. सुई पितळी जेटच्या भोकात उतरलेली. इंजिनने जास्त हवा मागितली की पिस्टन उचलला जातो, सुईचा बारीक भाग भोकात येतो, कडेची जागा वाढते, पेट्रोल वाढतं. थंडीत गाडी चालू करताना चोक ओढला की जेटच खाली येतं आणि मिश्रण घट्ट होतं. चोक आत ढकलला की जेट परत वर जायला हवं.

उस्ताद काकांना चोक ओढून परत ढकलायला सांगतात आणि आपण टॉर्च घेऊन खाली वाकतात. मीही वाकतो. मागच्या कार्ब्युरेटरचं जेट टक् करून वर जाऊन बसतं. पुढचं अर्ध्यात थांबतं. बोटाने ढकललं तेव्हा कुरकुरत वर जातं.

“मिल गया,” पुतण्या म्हणतो.

“अभी नहीं मिला. क्यों अटका, ते बघ.”

जेट बाहेर निघतं. त्याच्या भोवती बुचाच्या लाकडाच्या छोट्या चकत्या असतात, त्या पेट्रोल गळू देत नाहीत आणि जेटला सरकूही देतात. या चकत्या सुकून कडक झाल्यात, एकीचा तुकडा पडलाय. वापरात नसलेल्या गाडीत त्या सुकतात. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या गाड्यांतलं रबर, बूच, डिंक यांना ते मानवत नाही. काकांची गाडी पावसाळाभर आणि त्यानंतरही बराच काळ आच्छादनाखाली उभी होती. त्या विश्रांतीतच या चकत्या गेल्या.

एका वाटीत नव्या चकत्या रात्रीपासून ऑइलमध्ये भिजत पडल्यात. कोरड्या बसवल्या तर जेटला घट्ट धरतात. उस्ताद त्या एकेक करून पितळी वाट्यांमध्ये बसवतात, मध्ये बारीक स्प्रिंग, मग जेट. आता सर्वांत नाजूक काम. सुई जेटच्या बरोबर मध्यातून खाली-वर झाली पाहिजे, जराही घासता कामा नये. मोठी नट ढिली ठेवून जेट पूर्ण वर ढकलतात, पिस्टन बोटाने उचलून सोडतात. धप्प. जेट किंचित हलवतात. पुन्हा धप्प. तिसऱ्यांदा स्वच्छ, धातूचा ‘टक्’ ऐकू येतो. उस्ताद नट आवळतात, जेट खाली करून पिस्टन पुन्हा सोडतात. तोच ‘टक्’. हा आवाज दोन्ही वेळा सारखा आला तरच सुई मध्यात आहे असं धरायचं. पुतण्याला ते तीनदा करून बघायला लावतात, डोळे मिटून.

दुपारचे बारा वाजायला आलेत. गरम प्लग बसले. काका किल्ली फिरवतात. पेट्रोलचा विजेचा पंप टिक-टिक-टिक करतो, संथ होतो आणि थांबतो. दोन्ही कार्ब्युरेटरांची पेट्रोलची भांडी, म्हणजे फ्लोट चेंबर, भरून त्यांच्या झडपांच्या सुया बंद झाल्या, असा त्याचा निरोप. पंप वाजतच राहिला असता तर कुठेतरी पेट्रोल वाहतंय असं समजायचं.

इंजिन सुरू होतं. ते पूर्ण तापेपर्यंत उस्ताद हात लावणार नाहीत. थंड इंजिनवर लावलेलं मिक्स्चर खोटं असतं. चहा येतो. वेगवान गाड्यांशी या शहराचं नातं जुनं आहे, तो विषय या वेळात काका काढतात. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्गची सुपरचार्जर लावलेली एसजे मागवली होती. तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगने दोन माणसांपुरती स्पीडस्टर बॉडी चढवली होती, रंग होळकरांचा केशरी आणि काळा. आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटरचं इंजिन. माणिकबाग राजवाड्याची ती गाडी कधीच परदेशी गेली. जगभरच्या संग्राहकांना तिचं नाव पाठ आहे. इंदुरात मात्र तिच्या काळातलं इंजिन कानाने लावणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यांतलं एक माझ्यासमोर बशीतून चहा पितंय, आणि त्याच्याकडे शिकायला सध्या एकच पोरगा आहे. ही गोष्ट मला सलते.

इंजिन तापलं. उस्ताद दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणारी दांडी ढिली करतात, म्हणजे प्रत्येकाला वेगळं लावता येईल. मग हातभर रबरी नळी घेऊन तिचं एक टोक कानाला आणि दुसरं पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरतात. नळीत हवेचा फुत्कार असतो. तो ऐकून मागच्याशी जुळवायचा. पेचकस पाव फेरा फिरतो, नळी पुढे-मागे जाते. ते नळी माझ्या कानाला लावतात. पुढचा आवाज भरदार, मागचा बारीक. पेचकस अजून थोडा. आता दोन्ही सारखे. दोघे मिळून हवा सारखी ओढताहेत.

मग पेट्रोल. जेटच्या खाली सहा पैलूंची नट असते. ती वर फिरवली की जेट वर जातं आणि पेट्रोल कमी होतं, खाली फिरवली की वाढतं. मुंबईहून गाडी इकडे येण्याआधी तिथल्या एका कारागिराने दोन्ही नटा बऱ्याच खाली घेतल्या होत्या. त्यामागे विचार होता. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे इथेनॉल मिसळलं की जुन्याच जेटने मिश्रण पातळ पडतं, जेट थोडं खाली घ्यावं लागतं. पण इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मालव्याच्या पठारावरची हवा मुंबईपेक्षा विरळ, त्यामुळे मुंबईत लावलेलं मिश्रण इथे अंमळ घट्ट होतं. एक कारण पातळ करतं, दुसरं घट्ट. कागदावर बेरीज-वजाबाकी करून नटेचा नेमका पैलू निघत नाही, तो इंजिनलाच विचारावा लागतो.

विचारायची रीत अशी. उस्ताद बारीक पेचकसाने पुढचा पिस्टन किंचित उचलतात, एक मिलिमीटरही नाही. इंजिनचा वेग वाढतो आणि वाढलेलाच राहतो. “ज्यादा है.” नट एक पैलू वर. पुन्हा उचलतात. अजूनही वेग वाढतो. अजून एक पैलू. आता पिस्टन उचलताच इंजिन कापरं भरून मरायला लागतं. “अब भूखा है.” अर्धा पैलू परत. या वेळी वेग क्षणभर किंचित चढतो आणि पुन्हा जागेवर येतो. तेच हवंय. मागच्या कार्ब्युरेटरवर हेच, मग पुन्हा पुढच्यावर, कारण एकाला हलवलं की दुसऱ्याचा सूर थोडा सरकतो. पुतण्या मागे सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून उभा आहे. आधी त्याच्या हातावर काळे ठिपके येत होते. आता हात कोरडा, आणि झोत एकसारखा.

“बस्स?” काका विचारतात.

“यह तो खड़ी गाड़ी का हिसाब हुआ. चलेगी तब मानेंगे.”

उस्ताद गाडीत बसतात, मला शेजारी घेतात. काका पुतण्याच्या मोटारसायकलवर मागून येतात. टीसीमध्ये चालवणाऱ्यासमोर इंजिनच्या फेऱ्यांचा काटा असतो आणि वेगाचा काटा शेजारच्यासमोर, त्यामुळे वेग ओरडून सांगायचं काम माझ्याकडे आहे. बंगाली चौक, तिथून कनाडिया रोड. सिग्नलला चार वेळा थांबतो. मी कान टवकारून ऐकतोय. इंजिन एकदाही चुकत नाही.

बायपासच्या सर्व्हिस रोडवर रिकामा पट्टा मिळतो. उस्ताद वरच्या गिअरमध्ये पाय दाबतात. “चाळीस,” मी ओरडतो. मैलांत. “पंचेचाळीस. पन्नास!” ऐंशी किलोमीटरच्या वेगात, इंजिन पूर्ण जोर लावत असताना, ते एकाच क्षणी किल्ली बंद करतात आणि क्लच दाबतात. गाडी नुसत्या वाऱ्याच्या आवाजात घरंगळत कडेला येते. हे मुद्दाम केलंय. इंजिन सावकाश चालवत थांबलो असतो तर प्लगवर त्या सावकाश चालण्याचीच काजळी दिसली असती. जोरात असताना एकदम तोडलं, म्हणून जोराच्या वेळची स्थिती प्लगवर जशीच्या तशी राहिली.

कापडात धरून गरम प्लग काढले जातात, पुन्हा आकड्यांनुसार बोनेटच्या कडेवर ओळीत. चारही टोकं फिकट तपकिरी. उस्तादांच्या भाषेत बिस्कुट कलर. बुडाशी काजळीची एक बारीक रेघ, ती असायलाच हवी. एक नंबर आणि चार नंबर यांत फरक शोधून सापडत नाही. काका चष्मा कपाळावर सरकवून एकेक प्लग डोळ्यांजवळ नेतात.

“थोडे फिके नाहीत का? पूर्वीचे जास्त तपकिरी असायचे.”

“इथेनॉल का रंग है. साफ जलता है. पुरानी किताब वाला रंग मत ढूँढना, वरना फिर ज्यादा पिला दोगे.”

तिथेच रस्त्याच्या कडेला उस्ताद काकांना पथ्य सांगतात. गाडी सुरू केल्यावर चोक मिनिटभरात आत. उभी ठेवून तापवत बसायचं नाही, निघायचं आणि चालताना तापू द्यायचं. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटरची सलग फेरी, त्यात काही वेळ जोर लावून. गॅरेजमध्ये पाच मिनिटं सुरू करून बंद करायची सवय सोडायची. त्या पाच मिनिटांत प्लग तापत नाही, चोक ओढलेला असतो, सायलेन्सरच्या नळीत पाणी धरतं. पाच मिनिटं वाटतात काळजीची, पण करतात नुकसान.

काका वहीत लिहून घेतात. मला यातलं प्रत्येक वाक्य पटतं, कारण आज सकाळपासून जे डोळ्यांनी पाहिलं त्याचा हाच अर्थ निघतो. चकत्या सुकल्या त्या उभं राहून. काजळी बसली ती न तापल्यामुळे. या गाडीत मोडलेलं असं जवळजवळ काहीच नव्हतं. जुनी गाडी दिवाणखान्यातल्या वस्तूसारखी जपणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलं पाहिजे. कापड टाकून ठेवलेलं इंजिन सुरक्षित नसतं. ते रस्त्यावर, उष्णतेत, कामात असतं तेव्हाच स्वतःला स्वच्छ ठेवतं. आणि ज्यांच्या कानांना हे कळतं, त्यांच्याकडे गाड्या येत राहिल्या तरच त्यांची विद्या पुढच्या हातात जाईल. उस्तादांच्या पुतण्याने आज डोळे मिटून तो ‘टक्’ ओळखला, तो एक गाडी चालवायला काढली गेली म्हणून.

प्लग परत बसतात. उस्ताद उतरतात आणि किल्ली काकांच्या हातात देतात. खोक्यातले ठंडे प्लग ते स्वतःकडे ठेवून घेतात. काका विचारतात, पुढच्या रविवारी मांडूला जायला हरकत नाही ना.

“जाइए,” उस्ताद म्हणतात. “लौटते में दिखा देना. प्लग मैं पढ़ूँगा नहीं, यह पढ़ेगा.” पुतण्या मोटारसायकलला किक मारतो, आणि काका गिअर टाकतात.